अमावस्येचा ठसका

१

महानंदा पट्टणशेट्टींच्या दारावर कुणीतरी लाल ऑइलपेंटनं एकच शब्द लिहिला होता. फितूर.

आता कोल्हापुरात माणसाला काय वाट्टेल ते म्हणा. चोर म्हणा, येडा म्हणा, बापजाद्यांचा उद्धार करा, तासाभरात दोघं एकाच गाड्यावर मिसळ खाताना दिसतील. पण फितूर म्हटलं की विषय संपला. तो डाग लागलेला माणूस गल्लीतनं उठतो. आणि मठ गल्लीत हा डाग लागला होता त्यांच्या एकोणीस वर्षांच्या पोराला, श्रीशैलला. कशापायी, तर कॉम्प्युटरवरच्या बंदुकांच्या खेळापायी. २००९ सालचा मे महिना होता तो. खेळ मातीतला असो नाहीतर पडद्यावरचा, पेठेची इज्जत म्हटली की आमच्याकडं सारखीच पेटते.

शांभवी पट्टणशेट्टी इचलकरंजीहून सकाळच्या एसटीनं आली तेव्हा शेजारचे दोघं जण दार वाचत उभे होते. ही श्रीशैलची आत्या. पंचेचाळिशीची, बिनलग्नाची, आवाजानं दणदणीत. विमा कंपन्यांसाठी ती नुकसानीची पाहणी करायची. मागाच्या शेडला आग लागली की मालक सांगायचा शॉर्टसर्किट. शांभवी राखेत हिंडायची, चार कामगारांशी बोलायची, आणि आग कुठनं लागली, कुणी लावली ते सांगून मोकळी व्हायची. निम्मी इचलकरंजी तिला घाबरायची आणि उरलेली शिव्या द्यायची.

"वाचून झालं असलं तर घरला जावा की," ती त्या दोघांना म्हणाली. ते गेले.

महानंदावहिनी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. त्यांनीच भल्या सकाळी फोन केला होता. "वन्सं, तुम्ही या. पोरगं हातातनं चाललंय," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. शांभवीचा भाऊ शिवलिंग वारला त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून या घरात माणसं दोनच, आई आणि मुलगा. वहिनींनी ताट वाढलं. गरम भाकरी, दही, आणि लालभडक कांदा-लसूण चटणी, नव्या वासाची. शांभवीनं पहिल्या घासालाच मान डोलावली. पोटात भूक असली की ती आधी जेवायची, मग रडणाऱ्याचं ऐकायची.

शेजारी श्रीशैलचं ताट होतं. त्यानं भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली होती. चटणीला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

माडीवर श्रीशैल बॅग भरत होता.

"कुठं निघाली स्वारी?"

"मलकापूरला. मामाचं खताचं दुकान हाय तिथं. संध्याकाळची गाडी हाय."

"आणि कॉलेज?"

"बास झालं कॉलेज."

"दारावर लिहिलंय ते खरं हाय का?"

श्रीशैलनं शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली. "लिहिलंय न्हवं आत्या. मग आसंल."

शांभवीनं आजवर खोटा आळ आलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. खोटा आळ आला की माणूस बोंबलतो, शपथा घेतो, देवाला मधे घालतो. हे पोरगं गप्प होतं. असं गप्प कोण बसतं? एक तर ज्यानं खरंच केलंय तो. किंवा मग ज्यानं केलं नाही, पण ज्याला सगळं माहीत आहे आणि सांगायचं नाही तो. भावाच्या एकुलत्या पोराच्या बाबतीत यातलं नेमकं काय, ते संध्याकाळच्या गाडीच्या आत शोधायचं होतं.

२

यशराज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बालवाडीपासून श्रीशैलच्या गळ्यात गळा घालून फिरलेला पोरगा. गल्लीच्या टीमचा कॅप्टन तोच. शांभवीनं दारात पाऊल टाकलं आणि त्याची नजर तिच्या नजरेला भिडेना. त्याच्या अंगठ्याच्या नखात लाल रंग अडकलेला होता.

"दार तू रंगवलंस?"

"व्हय," यशराज म्हणाला. तेवढा सरळपणा होता पोरात. "रंगवलं. परत रंगवीन."

"मग का रंगवलंस ते तरी सांग. मी काय भांडायला आले न्हाई."

यशराज बसला आणि सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला. टीम पाच जणांची. पाचही जण आपापल्या घरातनं, गल्लीतल्या केबलवाल्याच्या इंटरनेटवरनं खेळायचे. रविवारी दुपारी पलीकडच्या पेठेशी शेवटची मॅच होती. जिंकणारी टीम पुण्याला मोठ्या फायनलला जाणार होती, आणि पुण्यातल्या एका गेमिंग कॅफेचा मालक त्या टीमला वर्षभर तिथंच ठेवून घेऊन सराव देणार होता. पाचही पोरांनी या एका गोष्टीवर जीव टांगला होता.

"बाबा सांगत हुते, अमावस्येला मॅच नको म्हणून. पण तारीख पुण्याची. आपल्या हातात काय." त्यानं कॉम्प्युटर चालू केला. "शेवटचा डाव. बरोबरीत हाय. श्रीशैलकडं मागचं दार राखायचं काम. आता ऐका."

यशराजनं त्या डावाचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं होतं. हेडफोनवरचं बोलणंसुद्धा त्यात होतं. पडद्यावर गोदाम, गोदामाच्या मागच्या दारात बंदूक घेऊन उभा श्रीशैलचा माणूस. आणि मग आवाज आला. ठसका. एक, पाठोपाठ दुसरा, चांगला छाती फोडणारा. मग "आयला, थांबा जरा," आणि खिडकीची तावदानं आपटल्याचा आवाज. त्यानंतर श्रीशैलच्या माणसाला काय झालं देव जाणे. जागच्या जागी गोठला, एकदम चार पावलं पुढं उडाला, परत गोठला. "माझं तु... तुट..." असं काहीतरी तुटक बोलणं. तेवढ्यात समोरचे दोघं मागच्या दारातनं आत शिरले आणि संपलं.

"ठसका ऐकलासा? ती खूण हुती," यशराज म्हणाला. "ठसका दिला आणि ती मागनं आली. आमच्यातल्या चौघांचं नेट झकास चाललं हुतं. एकट्या त्याचंच तेवढ्यात कसं तुटलं?"

"मॅच झाल्यावर तो काय म्हणाला?"

"आधी पळत माझ्याकडं आला, लई आरडाओरडा केला. नेट तुटलं, आईशप्पथ नेट तुटलं, थांबा, का तुटलं ते शोधून सांगतो. मग घरला गेला. आणि संध्याकाळी आम्ही दारात गेलो तर तोंडातनं शब्द न्हाई. मी गळपट धरलं त्याचं. म्हटलं सांग, विकलास का न्हाई आम्हाला? तर म्हणतोय कसा, तुला काय वाटंल ते समज." यशराजनं माऊस बाजूला सारला. "आत्या, त्यानं नुसतं न्हाई म्हटलं असतं तरी मी सगळ्यांशी भांडलो असतो."

शांभवीनं रेकॉर्डिंग परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. यशराजला वाटलं बाईंना खेळ आवडला. बाईंचं खेळाकडं लक्षच नव्हतं.

दुपारी बोंबलणारं पोरगं संध्याकाळी मुकं झालं. म्हणजे मधल्या वेळात त्याला काहीतरी सापडलं. आणि दुसरं. मे महिन्याच्या उकाड्यात, जिवाची लढाई चाललेली असताना, माणूस उठून खिडकी लावतो ती कशासाठी?

३

केबलवाला गुंडू कोपऱ्यावरच्या टपरीत सापडला. तिशीचा, बारीक अंगाचा, बोलताना सारखा मोबाइल बघणारा. शांभवी आली कशासाठी हे कळल्याबरोबर त्यानं हात वर केले.

"ताई, माझी लाइन ठणठणीत हुती. पोरांनी माझ्यावर ढकलायचं काम न्हाई."

"तुझ्यावर कुणी ढकललंय? अजून तर तुझं नावबी निघालं न्हाई." खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. ती स्टूल ओढून बसली. "मला आधी एक सांग. माणूस गोठतो, उडतो, परत गोठतो. हे काय असतंय?"

इथं गुंडू जरा खुलला. "त्याला पॅकेट लॉस म्हणतात. असं समजा, पोस्टमन पत्रं घेऊन निघाला आणि पिशवीला भोक हाय. निम्मी पत्रं वाटेत गळाली. साधं काही बघत असाल तर कळतसुद्धा न्हाई, गळालेलं परत मागवता येतं. पण खेळात तेवढा वेळ कुणाकडं असतो? तुम्ही गोळी झाडलेली तिकडं पोचतच न्हाई."

"वीज गेली हुती का रविवारी?"

"न्हाई. रविवारी भारनियमन नसतंय."

"मग एकट्या श्रीशैलचीच पत्रं का गळाली?"

गुंडूनं मोबाइल उलटा ठेवला. आजूबाजूला बघितलं. शांभवी वाट बघत राहिली. बोलायचं असलेल्या माणसाला मधे टोकायचं नसतं, हे ती मागवाल्यांकडून शिकली होती.

"त्याचं घर गल्लीच्या पार टोकाला," तो अखेर म्हणाला. "माझी वायर तिथवर पुरत न्हाई. म्हणून मधे एक डबी बसवलीय, सिग्नल पुढं ढकलायला. अंबूबाईच्या डंकाच्या भिंतीवर. वीजबी तिच्याच मीटरची. त्या डबीवर घर एकच, श्रीशैलचं."

अंबूबाईचा डंक सगळ्या पेठेला माहीत. चटणी कुटायची गिरणीच ती. उन्हाळ्यात वर्षाची मिरची घेऊन बाया तिथं नंबर लावायच्या आणि पाऊस तोंडावर आला की तिथं पाय ठेवायला जागा नसायची.

"डंकाची मोटर मोठी. ती चालू झाली की व्होल्टेज पडतं आणि माझ्या डबीला धाप लागते. मग पत्रं गळतात. हे मला म्हाईत नव्हतं. श्रीशैलनंच शोधून काढलं, मागल्या महिन्यात. लई चिकाटीचं पोरगं. कॉम्प्युटरवर एक काळा पडदा लावून बसायचा. त्यावर एकेक उत्तर परत येतंय का गळतंय ते दिसतं. आणि घरातनं गॅलरीत उभं राहून कुणीतरी ओरडायचं, चालू झाला रे, बंद झाला रे. असं कितीतरी दिवस केलं आणि मग मला येऊन सांगितलं, गुंड्या, डबी हलव."

"मग हलवली का न्हाईस?"

"पावसाच्या आधी सगळीकडची कामं एकदमच करायची हुती ताई. पोरांपुढं हे बोललो असतो तर पोरांनी मलाच खांबाला बांधलं असतं. आणि बोलून तरी काय उपयोग? रविवारी अमावस्या हुती. अमावस्येला वर्षाची चटणी कोण कुटतंय? नासते म्हणतात. अमावस्येला अंबूबाईचा डंक बंदच असतोय, उभ्या पेठेला म्हाईत हाय."

शांभवी उठली. श्रीशैलच्या घरात माणसं दोनच होती. एक पडद्यासमोर बसलेलं. मग गॅलरीत उभं राहून ओरडणारं कोण?

तिला तो विचार पुढं न्यायचा नव्हता. म्हणून ती तडक अंबूबाईकडं गेली.

४

डंकाच्या दारात पोचायच्या आधीच शांभवीला ठसका बसला. आत धडाधड मुसळं आपटत होती, हवेत मिरचीचा खकाणा भरला होता, आणि नंबर लावून बसलेल्या बाया पदर नाकाला लावून गप्पा मारत होत्या. शांभवीनं डोळे पुसले. वर बघितलं. भिंतीवर गुंडूची डबी होती, आणि बोळाच्या पलीकडं श्रीशैलच्या माडीची खिडकी. ती लावलेली होती.

बस्स, ठसक्याचा उलगडा तिथंच झाला. खूण कसली अन् काय. रविवारी दुपारी या भिंतीच्या आत मिरची कुटली जात होती. खकाणा खिडकीतनं आत गेला, हेडफोनमुळं डंकाचा आवाज न ऐकलेलं पोरगं ठसकलं, खिडकी लावायला उठलं, आणि तोवर डबीला धाप लागली होती. भल्याभल्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं, पण कोल्हापुरात राहिलेल्या कुठल्याही नाकाला कळलं असतं. फक्त अमावस्या आडवी आली आणि सगळ्यांनी नाकापेक्षा पंचांगावर जास्त विश्वास ठेवला.

अंबूबाई साठीची, अंगानं भरलेली, कपाळापासून पायापर्यंत लाल धुळीनं माखलेली.

"रविवारी डंक चालू हुता का हो?"

"रविवारी? अमावस्येला? बाई, डोकं बिकं फिरलंय का तुमचं?" अंबूबाईनं मोटर बंद केली आणि जरा मोठ्यानंच बोलली, बसलेल्या बायांना ऐकू जाईल असं. "माझ्या सासूच्या काळापासनं अमावस्येला मुसळ हललेलं न्हाई इथं."

"बरं. मी आपलं सहज विचारलं. आमच्या वहिनींची चटणी झाली का कुटून?"

"न्हाई हो. कुठली व्हायला? एवढी गर्दी. त्यांचा नंबर अजून यायचाय, पुढल्या आठवड्यात. अजून मिरचीबी आणली न्हाई त्यांनी इकडं."

खोटं बोलणाऱ्या माणसाची एकच अडचण असते. कुठं थांबायचं ते त्याला कळत नाही. पहिल्या उत्तरावर अंबूबाई थांबली असती तर शांभवीला तिला हलवता आलं नसतं. पण सकाळी शांभवीनं जी चटणी भाकरीबरोबर खाल्ली होती, ती नवी होती, आणि आता अंबूबाई म्हणत होती ती अजून कुटलेलीच नाही.

शांभवी तिच्या कानाजवळ वाकली. "अंबूबाई, मी चटणी खाऊन आलेय. या बायांपुढं बोलू, का आत येताय?"

अंबूबाई आत आली. आत आल्यावर तिचा आवाज पार बसला. "बाई, पाया पडते, बोंब करू नका. अमावस्येला डंक चालला म्हटल्यावर उद्या एक बाई दारात उभी राहायची न्हाई. म्हणतील आमचीबी चटणी नासली. मी न्हाईच म्हणत हुते. पण तिनं लई गळ घातली, म्हणून भर दुपारी दार लावून घटकाभर चालवला. म्हणाली, आमच्यात अमावस्या चांगली, आणि आज गर्दीबी न्हाई. इधवा बाई, कधी काही मागितलं न्हाई तिनं. आणि सोमवारी येऊन परत म्हणाली, कुणाला सांगू नका. का ते मला काय ठाऊक? मला त्या पोरांच्या खेळातलं काही कळत न्हाई."

"तिनं म्हणजे कुणी?" शांभवीनं विचारलं. नाव तिला माहीत होतं. पण आगीचं कारण लिहून देण्याआधी ती नेहमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शांभवी परत त्याच स्वयंपाकघरात येऊन बसली. महानंदावहिनी श्रीशैलच्या वाटेसाठी धपाटी करत होत्या. तवा तापला होता आणि त्या नुसत्याच उभ्या होत्या.

"वहिनी, चटणी कधी कुटली?"

"झाले... आठ-दहा दिवस."

"रविवारी कुटली. अमावस्येला." शांभवीनं स्टोव्ह बारीक केला. "उभ्या पेठेत अमावस्येला वर्षाची चटणी कुणी कुटत न्हाई. ज्यांना अमावस्या वाईट वाटत न्हाई असं या गल्लीत घर एकच हाय, ते आपलं. निपाणीकडची आपली माणसं अमावस्या बघून नवीन काम काढतात. माझ्या आईनं तुम्हाला तेच शिकवलं. म्हणून गल्लीतल्या कुणाच्या ध्यानात आलं न्हाई आणि माझ्या आलं."

वहिनींनी परातीतलं पीठ परत मळायला घेतलं.

"चटणी अमावस्येला कुटली, त्यात काही पाप न्हाई. पण डंक चालू झाला की पोराचं नेट मरतंय हे पेठेत तिघांनाच म्हाईत. गुंडूला, श्रीशैलला, आणि गॅलरीत उभं राहून 'चालू झाला रे' म्हणून ओरडणाऱ्या माणसाला. मॅचच्या वेळेला डंक बंद ठेवा म्हणून अंबूबाईला निरोप द्यायचं काम श्रीशैलनं कुणाला सांगितलं असंल, वहिनी?"

महानंदावहिनी खाली बसल्या. भिंतीला टेकून, पाय पुढं पसरून.

"मला," त्या म्हणाल्या. "सकाळी म्हणाला, अव्वा, अंबूबाईला सांगितलंस का? मी व्हय म्हटलं. अमावस्याच हाय म्हणाला, तसंबी बंदच असंल, पण तू सांगितलंस न्हवं, मग माझी काळजी मिटली. हसत माडीवर गेला. आणि मी मिरचीचं पोतं घेऊन मागल्या दारानं बाहेर पडले." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "वर्षभर पुण्याला राहणार म्हणत हुता, वन्सं. कुणाकडं, कसा, काही पत्ता न्हाई. वर्षाचं तिथंच दुसरं वर्ष हुतंय. या घरात मी भिंतीशी बोलायचं का? मला वाटलं एक खेळ हरंल, आठ दिवस तोंड फुगवंल, आणि राहील घरात. पोरं त्याला असलं काही म्हणतील हे माझ्या सपनातसुद्धा न्हवतं. आणि दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर माझं तोंडच उघडंना."

"मग मला का बोलावलं? हात दाखवून अवलक्षण."

"तुम्ही ओळखाल म्हणूनच बोलावलं की. मला सांगता येईना. वाटलं, कुणीतरी माझ्याकडनं वदवून घेऊ दे."

शांभवीला राग आला होता, भयंकर राग, आणि त्या रागाला बसायला जागा मिळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. ही बाई तिच्या भावाची बायको होती आणि एकटेपणाला भ्यायली होती. पण एक गोष्ट सांगणं भाग होतं.

"वहिनी, अजून एक राहिलंय. त्याला म्हाईत हाय."

"काय?"

"सगळं. खकाणा नाकात गेला तेव्हाच त्याला डंकाचा संशय आला, पण अमावस्या म्हणून खात्री न्हवती. दुपारी तो कारण शोधायला घरला आला, आणि संध्याकाळी नवी चटणी त्याच्या ताटात आली. तेव्हापासनं त्यानं चटणीला हात लावला न्हाई, आणि तेव्हापासनंच तो गप्प हाय. यशराजनं गळपट धरलं तरी तोंड उघडलं न्हाई. दारावर फितूर लिहिलेलं बघून त्यानं ते अंगावर घेतलं. कशासाठी घेतलं असंल?"

महानंदावहिनींच्या तोंडून जो आवाज निघाला तो शांभवीला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिला. मग त्या उठल्या. तवा खाली उतरवला, डोक्यावर पदर घेतला आणि चप्पल न घालता बाहेर पडल्या.

६

तालमीच्या कट्ट्यावर उन्हं कलली की पोरं जमायची. यशराज होता, टीममधली उरलेली तिघं होती, आणखी पाच-सहा जण होते. गुंडू टपरीतनं बघत होता. महानंदावहिनी कट्ट्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, शांभवी त्यांच्या मागं. पोरं बोलायची थांबली.

"माझ्या पोराला फितूर म्हणू नका," वहिनी म्हणाल्या. "फितूर मी हाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डंक, डबी, निरोप, मिरचीचं पोतं, मागलं दार. अंबूबाईचं नाव मात्र झाकलं. मी बळजबरी केली, एवढंच म्हणाल्या. कुणी हसलं नाही. यशराज कट्ट्यावरनं खाली उतरला. त्याला कुणाकडं बघावं तेच कळेना.

तेवढ्यात बोळातनं श्रीशैल आला, खांद्याला बॅग अडकवून.

"अव्वा," तो म्हणाला. "कशाला सांगितलंस? मी निघालोच हुतो न्हवं."

"तू का बोलला न्हाईस? मार खाल्लास, शिव्या खाल्ल्यास."

"मग काय करू? आईनं पाडलं म्हणून गल्लीला सांगू?"

यशराज पुढं झाला. "श्री, आयला, मी..." त्यानं श्रीशैलच्या खांद्यावरची बॅग ओढून आपल्या खांद्यावर घेतली. श्रीशैलनं ती ओढू दिली. दोघांच्यात तेवढ्यानं भागलं. पोरांचं असंच असतं, भांडण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा मिटायला लागत नाही.

महानंदावहिनींच्या जिवात जीव आला. नावावरचा डाग धुतला गेला होता, मित्र परत मिळाला होता. त्यांनी पोराच्या हाताला धरलं. "चल घरला. आता कशाला जातोस मलकापूरला? आता कोण तुला काय म्हणतंय?"

श्रीशैलनं हात हिसडला नाही. आईच्या हातात तसाच राहू दिला. पण पाऊल घराकडं वळलं नाही.

"अव्वा, पोरांनी म्हटलेलं मी सोसलं. मॅच गेली, तेबी सोसलं. तू नको जाऊ म्हणाली असतीस ना, नुसतं तोंडानं, तर मी पुण्याला गेलो नसतो. खरंच गेलो नसतो." तो थांबला. "मी तुला विचारलं, सांगितलंस का. आणि तू माझ्याकडं बघून व्हय म्हणालीस. त्याचं मी काय करू, ते मला कळंना झालंय."

कुणाचं किती नुकसान झालं ते आकड्यात सांगणं हा शांभवीचा धंदा, आणि या नुकसानाला तिच्याकडं आकडा नव्हता.

"येईन मी," श्रीशैल म्हणाला. "कायमचा न्हाई चाललो. पण कधी येणार ते आता विचारू नको."

दोघं पोरं स्टँडच्या दिशेनं चालू लागली. यशराज बॅग घेऊन पुढं, श्रीशैल एक पाऊल मागं. महानंदावहिनी तिथंच उभ्या होत्या, हात अजून तसाच पुढं. कोपऱ्यावर पोरानं एकदा मागं वळून बघितलं. त्यांच्या ओठांवर प्रश्न आलेला शांभवीला दिसला. वहिनींनी तो गिळला, आणि पोराला जाऊ दिलं.